वाकड्या लाकडाची पारख

लाकडाच्या वखारीत गिऱ्हाईक सरळ सोट शोधतं. बोट बांधणारा मात्र कडेला टाकलेल्या वाकड्यातिकड्या बाभळीपाशी थांबतो. फांदी जिथून फुटली तिथला बाक हाताने चाचपतो, ओंडका पायाने कलता करतो आणि तो बोटीच्या पोटात कुठे बसेल ते मनाशी ठरवतो. बोटीच्या बरगड्यांना वांक म्हणतात. सरळ लाकूड कापून बाक काढला तर त्याचे धागे मध्येच तुटतात आणि लाटांचा मार बसला की नेमकी तिथेच चीर जाते. झाडाने वाढता वाढता स्वतः घेतलेला बाक टिकतो. ही पारख पुस्तकातून येत नाही. बापाबरोबर वखारी हिंडून येते.

वसईच्या किनाऱ्यावर बोट बांधायची जागा म्हणजे भरतीच्या रेषेवरची वाळू, वर ताडपत्री किंवा झावळ्या आणि खाली लाकडाचा भुसा. मालक आणि मोठा मिस्त्री बहुधा एकच. हाताखाली भाऊ, पुतणे. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, येऊन लांबी सांगतो, कसली मासेमारी करणार ते सांगतो. डोलीची ओली, जड जाळी एका बाजूने वर ओढायची असतात, तेव्हा बोटीचं पोट रुंद हवं. कागदावर नकाशा नसतो. पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडला की नारळ फुटतो. मग नाळ, म्हणजे पुढचं टोक, उभी राहते. मोजके वांक बसले की लवचिक पट्ट्या लावून मधला आकार डोळ्यानेच जुळवायचा. त्यावर सागाच्या फळ्या, आणि सांध्यांत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवायचा. हे शेवटचं काम कंटाळवाणं दिसतं, पण खलाशांचा जीव त्याच्यावर असतो.

बोट पाण्यात उतरवायची तारीख चंद्र ठरवतो. एरवीची भरती वाळूच्या वरच्या अंगाला पोचत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण यावं लागतं. इथल्या कोळीवाड्यांत हिंदूही आहेत, ख्रिस्तीही. कुठे नारळ आणि हळदकुंकू, कुठे फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात. मग दोर धरायला सगळा वाडा येतो.

ही वाळू फार जुनी जाणती आहे. 1534 साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली, आणि त्यांच्या काळात वसई व आगाशी जहाजबांधणीसाठी ओळखली जात. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. त्याआधी तीनच वर्षं, 1736 मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले होते. त्यांचं तर घराणंच जहाजं बांधणारं झालं. त्यांच्या वंशजांनी मलबारी सागात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे. मोठ्या गोदीतलं ज्ञानही घरातूनच चालत आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वसईच्या मालकाचं जगणं मात्र गोदीचं नाही, मोसमाचं आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढल्या की एकदम डागडुजीची झुंबड, तीही भर पावसात. बोंबील, जवळा चांगला लागला तर नवी बोट बांधायला पडते. मासळी रुसली की हप्ते थांबतात. आणि हप्ता ज्याच्याकडून यायचा तो चार घरं सोडून राहतो. त्याच्या मुलीच्या लग्नात आपणच वाढायला उभे असतो. तगादा लावायचा तरी किती?

त्यात फायबर आलं. साचा एकदा केला की त्यातून बोटीमागून बोट निघते, देखभाल कमी. कोळी बांधव तिकडे वळले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण लाकूड आणि फायबर एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत, हे मला पटत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या छोट्या बोटयार्डात 2009 मध्ये ‘म्हादेई’ पुरी झाली. तिचं अंग लाकडी पट्ट्यांचं आणि त्यावर फायबरचा थर. त्याच बोटीतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा जोडकामाला हात आणि डोळा दोन्ही लागतात, आणि ते आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत.

त्यांना जागा हवी, एवढीच माझी कळकळ आहे. शहर वाढतं आहे, 2009 पासून इथे महानगरपालिका आहे. घर चार मैल आत बांधता येतं. बोट बांधायला उधाणाचं पाणी पोचणारी मोकळी वाळूच लागते, आणि ती आराखड्यात तशी नोंदलेली असली पाहिजे.

अशा कारखान्याच्या कोपऱ्यात बहुधा दोन-तीन वाकडे ओंडके पडलेले असतात. कोणत्या बोटीचे म्हणून विचारलं तर अजून कोणत्याच बोटीचे नाहीत. बाक चांगला दिसला म्हणून मालकाने घेऊन ठेवलेले असतात.