छायाचित्रासोबत स्थळ-काळ हवाच

महाबळेश्वर : कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले, की हिमकणांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर झळकतात. त्यात गतवर्षीचे एखादे छायाचित्र आजचे म्हणून खपले, तर हानी फारशी नाही. परंतु जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खचलेल्या आंबेनळी घाटरस्त्याचे छायाचित्र तारखेविना पुन्हा फिरले, तर प्रवाशांची दिशाभूल होते. वृत्तछायाचित्रकाराची विश्वासार्हता येथेच पणाला लागते.

छायाचित्राच्या फाइलमध्ये नाव, स्थळ व दिनांक नोंदविता येतात. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास ही नोंद गळून पडते व दर्जाही घटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ फाइल कायम राहते. फेसबुक, इन्स्टाग्रामवर हा तपशील छायाचित्रासोबतच्या मजकुरात लिहावा. शिवाय छायाचित्राच्या कोपऱ्यातही नाव व तारीख टाकावी. छायाचित्र पुढे गेले, तरी ती सोबत जाते.

हक्काचे भानही आवश्यक आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार, वेगळा करार नसल्यास वृत्तपत्राच्या नोकरीत प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्राच्या प्रसिद्धीचा प्रथम हक्क वृत्तपत्राच्या मालकाकडे असतो. त्यामुळे ते समाजमाध्यमांवर देण्यापूर्वी संपादकांची अनुमती घेणे श्रेयस्कर ठरते.