शिरवळच्या लेण्यांपासून चवदार तळ्यापर्यंत : हिर्डोशीच्या वाटेवरील स्थळे आणि परंपरा

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाला वळसे घेत हिर्डोशी खोऱ्यात शिरतो. मुलांना भेटावयास येणाऱ्या पालकांच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात याच रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. धबधब्यापाशी छायाचित्रे काढावीत, वरंधा घाटात गरम भजी खावीत आणि परत फिरावे, एवढाच बहुतेकांचा कार्यक्रम असतो. त्यात गैर काही नाही. परंतु ही वाट किती जुनी आहे, तिच्यावर कोणकोणत्या काळाच्या खुणा आहेत आणि तिच्या दोन्ही टोकांना काय आहे, हे आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पूर्वेचे टोक : शिरवळ

नीरा नदी डोंगरातून सपाटीवर उतरते त्या परिसरात, पुणे-सातारा महामार्गावरील शिरवळ गावाच्या नैर्ऋत्येस, डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याची भव्यता मनात ठेवून जाणाऱ्याची तेथे निराशा होईल. ही लेणी लहान आणि जवळजवळ अलंकरणविरहित आहेत. एका चैत्यगृहात स्तूप आहे. इतरत्र भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आणि दगडातच कोरलेले बाक आहेत. मात्र हा साधेपणाच त्यांचे प्राचीनत्व सांगतो. बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वी स्तूप हेच वंदनाचे प्रतीक होते.

सह्याद्रीतील अनेक लेणी घाटवाटांच्या आसपास आढळतात. भिक्खूसंघाला वस्तीपासून दूर, परंतु भिक्षेला जाता येईल इतक्या अंतरावर निवास हवा असे. व्यापाऱ्यांना मुक्काम आणि आश्रय हवा असे. नीरेच्या काठी शिरवळ आणि घाट उतरल्यावर सावित्रीच्या काठी महाड, अशा दोन्ही टोकांना लेणी असावीत, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. कोकणातील बंदरांचा माल देशावर आणि देशावरचा माल बंदरांकडे नेणाऱ्या वाटांपैकी ही एक असावी.

मधला मुलूख : हिरडस मावळ

शिवकाळात हा प्रदेश हिरडस मावळ म्हणून ओळखला जाई. येथील देशमुखी बांदल घराण्याकडे होती. बाजीप्रभू देशपांडे याच भागातील शिंद गावचे. 13 जुलै 1660 रोजी घोडखिंडीत त्यांच्यासह लढलेले सैन्य प्रामुख्याने बांदलांचे होते. भोरजवळचा रोहिडा अर्थात विचित्रगड, रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार, वरंधा घाटावर पहारा ठेवणारा कावळ्या किल्ला आणि भोर येथील पंतसचिवांचा राजवाडा ही या मुलखातील प्रमुख प्रेक्षणीय स्थळे होत. भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झाले.

किल्ला पाहताना एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. गडाच्या तटाखाली आणि पायथ्याशी मेटे असत. तेथे रामोशी, महार, मांग, कोळी अशा समाजांतील माणसे रात्रंदिवस जागता पहारा देत. शत्रूची चाहूल प्रथम त्यांना लागे आणि पहिला वारही तेच झेलत. त्यांपैकी फारच थोड्यांची नावे इतिहासाने जपली. गडाच्या दरवाजातून आत शिरण्यापूर्वी त्या मेटांच्या जागेवर क्षणभर थांबणे, हा आपल्या सहलींचा नियम व्हावा.

या खोऱ्याचे जीवन भातशेतीवर बेतलेले आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, रोहिणी-मृगाच्या सुमारास रोपे तयार करायची आणि पाऊस स्थिरावला की चिखलणी करून खाचरांत लावणी करायची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भोरचा आंबेमोहोर तांदूळ त्याच्या सुगंधासाठी प्रसिद्ध आहे. उतारावर नाचणी आणि वरई पिकते. घाटात वाघजाईचे ठाणे आहे, गावोगावी जत्रा भरतात, पालखी निघते. बौद्ध वस्त्यांतून वैशाख पौर्णिमा, भीमजयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरे होतात. लावणीच्या दिवसांतच आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचा आरंभ होतो, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पावसात फिरणारे भिक्खू कोवळी पिके आणि सूक्ष्म जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार तथागतांच्या कानी आली आणि त्यांनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम केला, असे विनयपिटक सांगते. खाचरात वाकलेल्या शेतकऱ्याला या नियमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पश्चिमेचे टोक : महाड

घाट उतरून महाडला पोहोचल्यावर मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले येथील सुमारे 30 लेणी दिसतात. तेथील एका ब्राह्मी शिलालेखात कुमार काणभोअ विण्हुपालित याच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या यांच्याबरोबरच पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, आणि लेण्याशी जोडलेली वाट यांचाही त्यात उल्लेख येतो. राजकुमाराने पाणी आणि रस्ता यांना दानाच्या यादीत स्थान दिले, हे महत्त्वाचे आहे. डोंगरात राहणाऱ्या भिक्खूला आणि थकून आलेल्या वाटसरूला पाण्याइतके मोलाचे दुसरे काय असणार?

याच डोंगरापासून थोड्याच अंतरावर चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रहींनी तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर दगड-लाठ्यांचा मार, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ आणि न्यायालयातील दावा हे सारे सोसावे लागले. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या परिसरात एकेकाळी पाण्याचे टाके दान म्हणून कोरले गेले, तेथेच पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे झगडावे लागले. ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी, एकामागून एक पाहिली पाहिजेत.

शिकोकूचा दाखला

यात्रा आणि पाणी यांचे नाते उलगडणारा एक दाखला जपानमध्ये आहे. तेथील शिकोकू बेटावर 88 बौद्ध विहारांची परिक्रमा आहे. सुमारे 1,200 किलोमीटरची ही वाट कूकाई (774-835) या आचार्यांच्या स्मरणार्थ चालली जाते. यात्रेकरू शुभ्र वस्त्र पांघरतात. आपण एकटे नसून आचार्य सोबत चालत आहेत, अशी त्यांची श्रद्धा असते. वाटेवरील गावकरी त्यांना फळे, चहा, कधी रात्रीचा निवारा देतात आणि त्याचा मोबदला घेत नाहीत.

हेच कूकाई 821 मध्ये आपल्या जन्मप्रांतात, आजच्या कागावा जिल्ह्यात, एका फुटलेल्या तलावाची दुरुस्ती करण्यासाठी आले. या भागात पाऊस कमी पडतो. त्यांच्या देखरेखीखाली दुरुस्त झालेला मानो तलाव पुढेही फुटला, पुन्हा बांधला गेला आणि आजही भातशेतीला पाणी देतो. दरवर्षी जूनमध्ये त्याचे पाणी शेतांसाठी सोडले जाते, तेव्हा तो सोहळा पाहावयास लोक जमतात. तेथील लोक आचार्यांचे विहार आणि त्यांचा तलाव, दोन्ही तितक्याच आदराने दाखवतात.

आपल्या दाराशी

हा आदर आपल्या खोऱ्याकडे वळवला तर काय दिसते? नीरा शिरगावजवळ उगम पावते आणि पुढे नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. भाटघर आणि नीरा-देवघर या धरणांचे पाणी खालच्या तालुक्यांतील शेती फुलवते. त्यासाठी या डोंगरातील गावांनी आपली घरे आणि भातखाचरे पाण्याखाली दिली. तरीही चैत्र-वैशाखात जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांतील स्त्रिया हंडे घेऊन दूरवर पायपीट करतात. ज्यांच्या अंगणावर सह्याद्रीचा मुसळधार पाऊस कोसळतो, त्यांच्याच घरी मे महिन्यात पाणी नसते. धबधबा पाहून परतणाऱ्याला हे दिसत नाही. कारण तो पावसाळ्यात येतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. ही वाट वर्षातून दोनदा पाहावी. पहिल्यांदा पाऊस ओसरल्यावर, भात पोटरीला आलेले असताना. घाट सुरू असल्याची खात्री करूनच निघावे. दुसऱ्यांदा 20 मार्चच्या सुमारास, शिरवळची लेणी पाहून, हिर्डोशीत मुक्काम करून, गांधारपाले आणि चवदार तळ्यापर्यंत. त्या मुक्कामात एखाद्या वाडीवर जावे, तेथील झरा किंवा विहीर पाहावी, उन्हाळ्यात तिला किती महिने पाणी असते ते विचारावे. झऱ्यातला गाळ काढणे, विहिरीला कठडा बांधणे, टाकी बसवून देणे, यांपैकी जे जमेल ते माजी विद्यार्थ्यांच्या एकेका तुकडीने अंगावर घ्यावे. गांधारपालेच्या शिलालेखात पोढीचे दान नोंदले आहे. तसेच दान आपल्या हातून या खोऱ्यात घडावे.