परंड्याचा हबशी, हल्याळचे धावपटू

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही बुडाली असं साऱ्या दख्खनला वाटलं. ती पुन्हा उभी राहिली ती परंड्यात, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. उभी करणारा होता मलिक अंबर, इथिओपियात जन्मलेला आणि कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या घातल्या. अबुल हसन या चितार्‍याकडून त्याने एक चित्रही काढून घेतलं. भाल्यावर अंबरचं छाटलेलं शिर आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. मराठवाड्याने मात्र त्याची आठवण जमीनमोजणीच्या, महसुलाच्या व्यवस्थेसाठी जपली.

आफ्रिकेतून आलेल्या अशाच माणसांचे वंशज आजही आपल्या शेजारी राहतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात आणि बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या बाजूला सिद्दींच्या वस्त्या आहेत. त्यांची बोली कोकणी, तिच्यात मराठी आणि कानडीची सरमिसळ. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असूनही शहरात गेलं की त्यांना "कुठल्या देशाचे?" हा प्रश्न ऐकावा लागतो.

१९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत सिद्दी मुलं निवडली. मार्गारेट अल्वा तेव्हा क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री होत्या. रानातून उचललेली ही मुलं वसतिगृहांत राहून मैदानावर घाम गाळू लागली. कमला सिद्दी, फिलिप अँटनी सिद्दी, जुजे जॅकी हरनोडकर ही नावं त्यातूनच पुढे आली. ही त्यांची कमाई मोठी आहे. पण योजनेमागचा हिशेब मला खटकतो. आफ्रिकी रक्त म्हणजे जन्मजात वेग, म्हणजे ऑलिंपिकचं पदक, असा तो हिशेब होता. ज्या रंगावरून हिणवायचं, त्याच रंगावर आशा लावायची. दोन्हीकडे माणूस दिसतच नाही.

या समजुतीचा फोलपणा फार पूर्वीच उघड झाला होता. मॉंटेग्यू कॉब हे हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीय शरीररचनाशास्त्रज्ञ. १९३६ मध्ये त्यांनी अमेरिकी कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सच्या अंगाची मोजमापं घेतली. कृष्णवर्णीयांचं वेगाचं गुपित म्हणून त्या काळी पोटरीची, टाचेच्या हाडाची जी ठेवण सांगितली जाई, ती ओवेन्समध्ये आढळलीच नाही. रंगात वेगाचं उत्तर नाही, हे कॉबनी मोजपट्टीने दाखवलं.

मग ओवेन्स धावला कशाच्या बळावर? अलाबामातल्या बटाईदार शेतकऱ्याचा हा मुलगा. क्लीव्हलँडच्या शाळेत चार्ल्स रायली या शिक्षकाने त्याला घडवलं, पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात लॅरी स्नायडरने. त्या विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती नव्हती. कृष्णवर्णीय म्हणून वसतिगृहात खोलीही नव्हती. पोटासाठी तो लिफ्ट चालवायचा. २५ मे १९३५ ला अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर पाऊण तासात त्याने जागतिक विक्रमांची रांग लावली. त्यातली ८.१३ मीटरची लांब उडी १९६० पर्यंत कुणाला ओलांडता आली नाही. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाच्या देखाव्यात, त्याने चार सुवर्णपदकं घेतली. मायदेशी परतल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं अभिनंदनाचं पत्र आलं नाही. पैशासाठी त्याला घोड्यांशी शर्यत लावावी लागली. हे वाचताना आजही संताप येतो.

सिद्दींची योजना १९९३ च्या सुमारास बंद पडली. एका पिढीला हाक मारायची आणि पुढची उभी राहण्याआधीच हात काढून घ्यायचा, हा सरळ अन्याय होता. रक्तातच वेग आहे असं एकदा मानलं की मग प्रशिक्षक, आहार, सराव यांची निकड कुणाला वाटणार?

धाराशिवकरांना ही निकड समजावून सांगावी लागत नाही. सारिका काळे याच मातीतली. ती भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जिल्ह्यात खो-खो रुजला तो चंद्रजित जाधवांसारख्या प्रशिक्षकांनी मुलींकडून रोज सराव करून घेतला म्हणून. "धाराशिवच्या रक्तातच खो-खो आहे" असं कुणी म्हटलं, तर त्या मुलींचा घाम पुसून टाकल्यासारखंच होईल.

मुंडगोडच्या भागात आता ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स ही संस्था सिद्दी मुलामुलींना धावण्याचं प्रशिक्षण देते. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना तो २०२० मध्ये. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले, सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी. बंद पडलेल्या योजनेचा विषय तिथे निघायला हवा, आणि या वेळी मुलांच्या रंगाकडे न पाहता त्यांच्या सरावाच्या वर्षांसाठी पैसे मागितले जायला हवेत.