लढाईनंतरची देवळे

लढाईच्या कथा कोणास आवडत नाहीत? मोर्चे कसे बांधले, सुरुंग कसे उडाले, निशाण कोणी रोविले, हे सर्व आम्ही आवडीने शिकवितो आणि विद्यार्थी त्याहून अधिक आवडीने ऐकतात. परंतु निशाण बदलले त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात काय घडले, शेत कोणी नांगरले, देवळाचा दिवा कोणी लाविला, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारितो. गेल्या डिसेंबर महिन्यात आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने तो आम्हांस विचारावयास लाविला. या लेखाचे निमित्त तेच.

वसईच्या मोहिमेचा धडा चालू होता. चिमाजी आप्पांच्या विजयाचे वर्णन संपताच मागील बाकावरील एक ख्रिस्ती मुलगा उभा राहिला आणि जरा चाचरतच म्हणाला, "गुरुजी, या लढाईत आपण कोणाच्या बाजूचे?" वर्गात हशा पिकला; पण त्या मुलाच्या मुद्रेवर हसू नव्हते. मराठी म्हणून त्यास विजयाचा अभिमान वाटत होता, आणि ख्रिस्ती म्हणून आपला पराभव झाला की काय, अशी शंकाही त्याच्या मनास बोचत होती. आम्ही त्या वेळी "उत्तर उद्या देऊ" एवढेच म्हणालो. खरे सांगावयाचे तर ते उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. तेव्हा पुस्तक मिटून, ज्या भूमीवर ती लढाई झाली तीच पाहावी, असे आम्ही ठरविले.

पाम, बोईसर, तारापूर आणि पालघर या भागांतील मुलांस ही भूमी दूर नाही. तारापूरचा कोट, केळवे-माहीमचे किल्ले, शिरगावचा किल्ला ही सर्व एकाच माळेतील मणी होत. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांस दिली आणि पुढे दोनशे पाच वर्षे हा किनारा त्यांच्या 'उत्तर प्रांता'त मोडत होता. वसई ही त्याची राजधानी. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन अशा साधुसंघांनी येथे मठ आणि देवळे उभारिली. (ख्रिस्तमंदिरास वसईकडील लोक 'देऊळ'च म्हणतात, आम्हीही येथे तोच शब्द वापरितो.) वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे जपानात नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली त्यांस संतपद देण्यात आले.

येथे एक गोष्ट लपविणे योग्य नव्हे. त्या राजसत्तेने धर्माच्या नावाखाली अन्यायही केला. हिंदूंची देवालये पाडली गेली, त्यांच्या धर्मविधींवर बंधने घातली गेली. साष्टी-वसईच्या लोकांचे गाऱ्हाणे घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले, ते उगीच नव्हे. ज्या धर्मगुरूने शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा दिली, त्याच्या नावाने शेजाऱ्याचे देवालय मोडावे, यासारखी विसंगती दुसरी नाही. हे आम्ही ख्रिस्ती शिक्षकाने ख्रिस्ती मुलांस प्रथम सांगितले पाहिजे.

इ. स. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम, शिरगाव व तारापूर एकामागून एक पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा सरदार कामास आला. त्यानंतर वसईस वेढा पडला. मराठ्यांकडील हजारो माणसे पडली, तटबंदीखाली सुरुंग उडविले गेले आणि अखेर मे महिन्यात पोर्तुगीजांनी तह केला. त्या तहान्वये शिबंदीस शस्त्रांसह मानाने बाहेर पडू देण्यात आले, कुटुंबांस चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवण्यात आली. विजयाच्या क्षणी पराभूताशी केलेला हा तह विजेत्यास शोभा देणारा आहे. आप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देवालय बांधविले. वसईच्या देवळांतील घंटा मात्र दूर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात, भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवलीस त्या आजही टांगलेल्या आहेत.

आता खरा प्रश्न. सरदार, साधुसंघ आणि धनिक घराणी गलबतांत बसून निघून गेली. मागे कोण राहिले? मागे राहिला शेतकरी, कोळी, भंडारी, सुतार. त्याची भाषा मराठीची बोली, त्याचे लुगडे-लंगोटी शेजाऱ्यासारखी, त्याच्या लग्नातील ओव्याही शेजारणीच्या ओव्यांसारख्याच. केवळ नाव पोर्तुगीज वळणाचे आणि प्रार्थना ख्रिस्ताची. त्याचा आश्रयदाता राजा गेला, पाद्री गेले, कित्येक ठिकाणी देवळाचे छप्परही गेले. अशा वेळी एखादा समाज पुसला जातो किंवा तग धरितो. आमच्या तारापूर-माहीमच्या बाजूस ख्रिस्ती वस्ती विरळ होऊन गेली. काही कुटुंबे शुद्ध होऊन हिंदू समाजात परतली. तारापूरचा कोट तर पुढे पेशव्यांकडून विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थास इनाम मिळाला. परंतु वसई व साष्टी येथील मंडळी टिकली. ती कशाने टिकली, हे पाहण्यासाठी आम्ही मुलांस घेऊन सकाळच्या गाडीने बोईसरहून निघालो.

प्रथम आम्ही कोट पाहिला. संत जोसेफ यांचे देऊळ, फ्रान्सिस्कनांचे देऊळ, येशूसंघीयांच्या देवळाचे सुंदर दर्शनी प्रवेशद्वार. उंच भिंती आहेत, पण बहुतेकांवर छप्पर नाही. जमिनीवर मृतांच्या नावांच्या शिळा आहेत आणि भिंतींच्या फटींतून पिंपळ उगवले आहेत. कलकत्त्याचे बिशप हेबर इ. स. १८२५ मध्ये येथे आले, तेव्हा हे निर्मनुष्य नगर व पडकी देवळे पाहून ते विषण्ण झाले आणि आपल्या प्रवासवृत्तात त्यांनी तसे लिहिले. आमची मुलेही येथे गप्प झाली. तो प्रश्न विचारणारा मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, म्हणजे सगळे संपलेच की!"

आम्ही म्हणालो, "अजून अर्धा दिवस आहे."

कोटाबाहेर पडून आम्ही पापडीस व तेथून सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या बाजूस गेलो. केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, विहिरी, अंगणातील क्रूस, आणि गावोगाव पांढरीशुभ्र, नांदती देवळे! निर्मळास तर एकाच परिसरात हिंदूंचे तीर्थ आणि ख्रिस्ती देऊळ दोन्ही आहेत. आम्ही त्यांच्या पंथाचे नव्हे, आणि आमची मंडळीही या किनाऱ्यावर त्यांच्या मानाने फार अलीकडची. तरी तेथे कोणी आम्हांस परके मानिले नाही. एका वाडीत एक वयोवृद्ध शेतकरी पाणी धरीत होते. त्यांनी मुलांस सावलीत बसविले, पाणी दिले. आम्ही त्यांस विचारिले, "बाबा, एवढी लढाई झाली, राज्य गेले, पाद्री गेले, तुमचे लोक येथे राहिले कसे?" त्यांनी क्षणभर आमच्याकडे असे पाहिले की प्रश्नच त्यांस विचित्र वाटला असावा. मग ते म्हणाले, "वाडी सोडून जाणार कुठे, गुरुजी?"

या एका वाक्यात पहिले कारण आले. जो भूमीस चिकटून असतो, त्याची भूमी त्यास धरून ठेविते. नव्या राज्यासही शेतसारा हवा होता आणि तो देणारा शेतकरी हवा होता. तेव्हा कष्टाळू रयतेस उखडून टाकण्यात कोणाचाच लाभ नव्हता.

दुसरे कारण देशी पाद्री. युरोपीय साधुसंघ गेल्यावर गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली गोमंतकीय पाद्री ही देवळे सांभाळू लागले. ते याच मातीचे होते, याच लोकांत राहू शकत होते. जे काम परक्या सत्तेच्या आधाराने उभे होते ते सत्तेबरोबर गेले. जे देशी माणसांच्या हाती आले ते राहिले. प्रत्येक मंडळीने आणि प्रत्येक संस्थेने हा धडा ध्यानात ठेवावा.

तिसरे कारण घर. देऊळ मोडले तरी सायंकाळची प्रार्थना मोडत नाही. मुलांस प्रार्थना पाठ करविणारी आई आणि अंगणातील क्रूसापाशी दिवा लावणारी आजी यांच्यावर कोणता वेढा पडणार?

आणि चौथे कारण शेजारी. इ. स. १७६० च्या अखेरीस, म्हणजे लढाईनंतर अवघ्या एकवीस वर्षांनी, आंकेतील द्यू पेराँ हा फ्रेंच पंडित सुरतेहून साष्टीत आला होता. ठाण्याच्या देवळाचा सण गोव्यात व्हावा तितक्याच उघडपणे व निर्धास्तपणे साजरा होत असलेला त्याने पाहिला. रस्ते ख्रिस्ती यात्रेकरूंनी फुलून गेले होते. राज्य त्या वेळी मराठ्यांचे होते! लढाईत ज्यांचे आप्त एकमेकांविरुद्ध पडले असतील, ते एका पिढीत एकमेकांचे सण पाहू लागले. हा विजय वसईच्या विजयाहून लहान नव्हे.

पाहा, दोन प्रवासी आले. बिशप हेबर यांनी कोटातील भिंतींचे चित्र मागे ठेविले, तर त्या फ्रेंच पंडिताने रस्त्यावरील माणसांचे. एकाचे वर्णन वाचून वाटते, सर्व संपले. दुसऱ्याचे वाचून वाटते, काहीच संपले नाही. दोन्ही खरे होते. म्हणून आपत्तीतून उठणाऱ्या लोकांच्या भेटीस जाल तेव्हा पडझड अवश्य पाहा, पण तेथूनच परत फिरू नका.

ही गोष्ट जुन्या काळाची किंवा आपल्याच किनाऱ्याची नव्हे. पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा लहानसा देश आहे. अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी तेथे वसाहत केली आणि १८४७ साली तो स्वतंत्र झाला. परंतु बाहेरून आलेले थोडे लोक, हातात बायबल घेऊनही, मूळच्या रहिवाशांवर दीर्घकाळ वर्चस्व गाजवीत राहिले. त्या विषमतेचे बीज पुढे फार कडू फळास आले. १९८९ पासून २००३ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, तेथे यादवी माजली. सुमारे अडीच लाख माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. राजधानी मन्रोव्हिया येथील संत पेत्राच्या लूथरन देवळात आश्रयास आलेल्या सुमारे सहाशे लोकांची जुलै १९९० मध्ये सैनिकांनी कत्तल केली.

अशा देशातही देवळांतील बाया उठल्या. लेमा बोवी या लूथरन मंडळीतील स्त्रीने ख्रिस्ती व मुसलमान स्त्रियांस एकत्र केले. पांढरी वस्त्रे परिधान करून त्या २००३ साली मन्रोव्हियातील मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसून राहिल्या आणि पुढाऱ्यांस तहाच्या बोलण्यास बसविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ऑगस्ट २००३ मध्ये तह झाला. २०११ साली लेमा बोवी यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथील शांतता राखण्यासाठी २००७ पासून २०१६ पर्यंत भारताने स्त्रियांचे पोलीस पथक पाठविले होते, ही आपल्या मुलींनी अभिमानाने स्मरणात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. तेथेही जे उभे राहिले ते प्रथम घर, शेजार आणि प्रार्थना. भिंतींची पाळी मागाहून आली.

असो. परतीच्या गाडीत आम्ही त्या मुलास जवळ बसवून घेतले आणि राहिलेले उत्तर दिले. ते असे. "बाळ, कोटाच्या आतल्या बाजूस तुझे धर्मबंधू होते आणि बाहेरच्या बाजूस तुझे भाषाबंधू होते. पोर्तुगीज राजाच्या अन्यायाचा वारसा घेण्याचे तुला कारण नाही, आणि मराठ्यांच्या शौर्याचा अभिमान सोडण्याचेही कारण नाही. तू बाजू घेणारच असशील तर त्या शेतकऱ्याची घे, ज्याने लढाईच्या दुसऱ्या दिवशी वाडीस पाणी धरिले. त्याचा धर्म कोणताही असो."

तो मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या शेतकऱ्यांची नावे इतिहासात नाहीत ना, गुरुजी?" आम्ही म्हणालो, "नाहीत. पण त्यांची नातवंडे आहेत." आणि खरोखरच, त्याच वसईच्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे मराठी साहित्यिक निपजले. त्यांच्या 'सुबोध बायबल' या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. ज्या समाजास मराठ्यांच्या विजयाने राजाश्रयास मुकावे लागले, त्याच्या पुत्रास मराठी भाषेने आपल्या सर्वोच्च आसनावर बसविले. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

पालकांस एक विनंती. येत्या सुट्टीत मुलांस घेऊन तारापूरचा किंवा वसईचा कोट अवश्य पाहा. मात्र तेवढ्यावर न थांबता जवळच्या वाडीत जा आणि तेथील एखाद्या वृद्ध माणसाशी चार शब्द बोला. नाशिकच्या मंदिरातील ती घंटा ऐकण्याचा योग आला तर क्षणभर थांबा. ती कोणाकडून कोणाकडे गेली हे विसरू नका. पण ती आजही लोकांस प्रार्थनेसच बोलावीत आहे, हेही मुलांस सांगा.