बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट, मग मध्येच का सुटते? हार्ट अटॅक टाळायला गावाने काय करायचं?

अलिबाग : 'संध्याकाळपर्यंत चांगला होता, रात्री छातीत दुखलं आणि पनवेलला पोचायच्या आत गेला.' मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या गावांत असं बोलणं अधूनमधून कानावर येतंच. लोक नशिबाला बोल लावून गप्प बसतात. पण बहुतेक वेळा हा झटका एका रात्रीत तयार झालेला नसतो. वाढलेलं बीपी, साखर आणि तंबाखू रक्ताच्या नळ्या वर्षानुवर्षं आतून खराब करत असतात. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही.

देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या दर १०० पुरुषांत २४ आणि दर १०० बायकांत २१ जणांना बीपीचा त्रास आढळला. म्हणजे हा शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही. नांगर धरणारा आणि जाळं ओढणारा यातून सुटत नाही.

फरक कुठे पडतो?

आजार सगळ्यांना सारखा, पण वाचण्याची संधी सारखी नाही. पनवेलमध्ये राहणारा माणूस अर्ध्या तासात हृदयाच्या मोठ्या दवाखान्यात पोचू शकतो. श्रीवर्धनहून पनवेल सुमारे दीडशे किलोमीटर. मुरुडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय पन्नासच्या आसपास. त्यात पावसाळा आणि रात्रीची वेळ. हृदयाची नळी बंद झाली की मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत जातो. म्हणून जो दवाखान्यापासून लांब, त्याने झटका येऊच नये याची काळजी जास्त घ्यायला हवी.

उपचाराच्या खर्चासाठी सरकारची योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तीच आज महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. अँजिओप्लास्टी, बायपास त्यात बसतात. माहितीसाठी १५५३८८ वर फोन करा, किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

पण ही योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरची. रोजची बीपीची गोळी तिच्यात येत नाही. ती गोळी येते गावाच्या उपकेंद्रातून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून.

सरकारी कार्यक्रम काय सांगतो?

३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायची, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो यासाठीच. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे बसणारे समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतात. वेगवेगळ्या वेळी मोजून आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर डॉक्टर गोळी सुरू करतात.

२०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा खास उपक्रम निघाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांतून झाली. त्यात नवं मशीन नव्हतं की महागडं औषध नव्हतं. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, महिन्याभराचं औषध एकदम, घराजवळच्या केंद्रात तपासणी आणि जो आला नाही त्याला फोन करून बोलावणं, इतकंच. २०२२ पर्यंत देशात ३४ लाख लोक या उपक्रमात उपचार घेत होते, त्यातल्या जवळपास निम्म्यांचं बीपी आटोक्यात होतं. त्या वर्षी उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

साधी गोळी काय करू शकते हे रायगडने आधीच पाहिलंय. विंचू चावल्यावर आपल्याकडे माणसं दगावायची ती हृदय थकून, फुफ्फुसात पाणी भरून. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याचा अभ्यास केला आणि प्राझोसिन ही बीपीची स्वस्त गोळी वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरात चाळीसच्या आसपास मरण होतं, ते एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग गोळी का सुटते?

कारणं आपल्याच घरातली आहेत. केंद्रात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. लावणी-कापणीत कोण जाणार? होडीवरचा माणूस आठ-आठ दिवस समुद्रात. कातकरी वाडीवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. बायका घरातल्या सगळ्यांची औषधं आणतात, स्वतःचं बीपी मात्र शेवटचं बाळंतपण झालं तेव्हा मोजलेलं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'आता बरं वाटतंय.' बरं वाटतंय ते गोळीमुळे. ती सोडली की आकडा परत चढतो.

यावर उपाय निघू शकतो. कोरोनात गोळ्या उपकेंद्रापर्यंत आणि काही ठिकाणी घरापर्यंत पोचल्या होत्या. मग वीटभट्टीवर निघायच्या आधी वाडीवर शिबिर घेऊन दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या का देऊ नयेत? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यात सगळ्यांची तपासणी का होऊ नये? केंद्रात गोळ्या संपल्या असतील तर ते ग्रामसभेत नोंदवून घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

घरात काय बदलायचं?

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून लहान चमचाभर. खारा बांगडा, पापड, लोणचं, फरसाण यातलं मीठही त्यातच धरायचं. सुकी मासळी सोडा असं कोणी म्हणत नाही. खारवलेली असेल तर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मग करा आणि कालवणात वरून मीठ कमी घाला. मिशेरी हा तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नव्हे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, तरी कुठे मिळतो ते गावाला माहीत आहे.

फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया या शेतकरी भागात हृदयविकाराने तरणी माणसं मरत होती. १९७२ पासून तिथे सरकार, दूधवाले, गावच्या बायकांची मंडळं यांनी मिळून तंबाखू, मीठ आणि लोणी-तूप कमी केलं. पुढच्या साधारण ३५ वर्षांत कामाच्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. आपले बचत गट याहून कमी नाहीत.

झटका आला तर

छातीवर दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, घाम, धाप. बायकांत आणि साखरेच्या रुग्णांत नुसता अशक्तपणा किंवा 'गॅस' वाटू शकतो. सोडा-लिंबू पाजत बसू नका. पेशंटला चालवू नका. लगेच १०८ लावा, गोळी द्यायची का ते फोनवरच्या डॉक्टरांना विचारा. ईसीजी निघेल त्या जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितक्या लवकर, तितका उपयोग जास्त.

या आठवड्यात एवढं करा : घरातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजून घ्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सुरुवात घरातल्या बाईपासून करा.