सराटा, कुळीथ आणि मुतखडा

पावसाळा सरल्यावर माळावरून अनवाणी चालावयाचे म्हणजे पायात सराटा मोडावयाचाच. जमिनीस बिलगून पसरणारी, पिवळ्या चिमुकल्या फुलांची ही वनस्पती तुम्ही पाहिली असेल. तिची काटेरी फळे वाटसरूंच्या तळव्यांत व सायकलीच्या चाकांत शिरून दूरदूर प्रवास करतात. मुलांना नकोसा वाटणारा हा सराटा वैद्यांकडे मात्र मानाचा आहे. त्याचे संस्कृत नाव गोक्षुर, बाजारातले नाव गोखरू. मुतखड्यावर त्याच्या फळांचा काढा देण्याची चाल फार जुनी आहे.

मुतखडा होतो कसा? आपल्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. ते रक्त गाळून नको असलेले क्षार पाण्यावाटे बाहेर टाकते. पाणी अपुरे पडले की क्षारांचे स्फटिक बनतात आणि स्फटिकावर स्फटिक बसून खडा तयार होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. असा खडा मूत्रनलिकेत अडकला म्हणजे धट्टाकट्टा मनुष्यही गडबडा लोळू लागतो.

सुश्रुतसंहितेत या रोगास 'अश्मरी' म्हटले आहे. अश्मन् म्हणजे दगड. सुश्रुताने गोक्षुर, वरुण, कुलत्थ, पाषाणभेद इत्यादींचा उपयोग सांगितला आहे. औषधांनी गुण न आला तरच शस्त्रक्रिया करावी, आणि तीत जिवाचा धोका असल्यामुळे आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असेही तो बजावतो. वरुण म्हणजे आपला वायवर्णा. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी कोकणात आवडीने खातात. कुलत्थ तर घरोघरीचा कुळीथ! कोकणात त्याची पिठी होते, घाटावर हुलग्याची शेंगोळी.

पाषाणभेदाची गोष्ट अधिक मौजेची आहे. हिमालयात खडकांच्या फटींतून वाढणारी, जाड वाटोळ्या पानांची एक वनस्पती या नावाने ओळखली जाते; तिची मुळे औषधात वापरतात. दगड फोडून उगवते ती पोटातला दगडही फोडील, अशी लोकांची कल्पना झाली असावी. पण देशात अन्यत्र वेगवेगळ्या वनस्पतींना हेच नाव मिळाले. आपल्याकडे तर पानाच्या कडेला रोपे फुटणाऱ्या पानफुटीलाही पुष्कळजण पाषाणभेद म्हणतात. ही पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची, तेव्हा प्राचीन ग्रंथकारांना अभिप्रेत असलेली वनस्पती ती नव्हे. शिवाय ती पोटात गेल्यास गुरांना विषबाधा होते. केवळ नावावर विसंबून पाला खाणे किती धोक्याचे, हे यावरून दिसेल.

या वनस्पतींनी खरोखर खडा विरघळतो काय? यांपैकी काहींचे अर्क काचेच्या नळीत स्फटिकांची वाढ रोखतात, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु शरीरातला तयार खडा त्यांनी विरघळतो, याचा भक्कम पुरावा नाही. पाच मिलिमीटरांहून लहान खडे पुष्कळदा आपोआप पडून जातात. काढ्याबरोबर पाणीही पोटात जातेच. म्हणून काढ्याला मिळणाऱ्या श्रेयाचा मोठा वाटा, माझ्या मते, पाण्याचा आहे. मोठा खडा मात्र वाट अडवून बसतो. लघवी तुंबली, थंडी वाजून ताप आला, तर काढा उकळत बसण्यास सवड नसते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. तेथे ध्वनिलहरींच्या साह्याने खडा नेमका कोठे आहे ते पाहता येते. 1980 साली जर्मनीतील म्युनिक शहरी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा प्रथमच फोडण्यात आला. तेव्हापासून पुष्कळ खडे शस्त्र न लावताच चूर्ण होऊन लघवीवाटे पडून जातात.