अतिशयोक्ती पाण्यात उतरते तेव्हा

फ्रेंच व्यंगचित्रकारांनी राजालाही सोडलं नव्हतं. शार्ल फिलिपाँने १८३१ साली लुई-फिलिप राजाचा चेहरा चार चित्रांत असा काही बदलत नेला, की शेवटी उरली नुसती नासपती! याच फिलिपाँने पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ‘ल शारिव्हारी’ हे दैनिक काढलं. जमाना शिळाछापाचा. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, तेही उलटं. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई धरत नाही, खडूच्या रेघेला मात्र घट्ट चिकटते. आणि सकाळी कुणाची तरी टर पॅरिसभर वाटली जाते.

१८३५च्या कायद्यांनी राजकीय चित्रांना वेसण घातली. तिसऱ्या नेपोलियनच्या राज्यातही परवानगीशिवाय चित्र छापायची सोय नव्हती. दोमिए, कॅम यांच्यासारख्या चित्रकारांना मग आगगाड्या, प्रदर्शनं, नवी यंत्रं असली निरुपद्रवी गिऱ्हाइकं बरी पडू लागली. नेमकं तेव्हाच टेम्सच्या काठावर एक आयतं सावज उभं राहत होतं, आणि तेही इंग्रजांचं.

पण ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाची टिंगल करायची तरी कशी? व्यंगचित्रकार मूळ गोष्ट फुगवतो; इथे ते काम इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरनेच उरकून टाकलं होतं. लांबी २११ मीटर, सोय ४,००० प्रवाशांची. दोन्ही बाजूंना सतरा मीटर व्यासाची चाकं, ती कमी पडतील म्हणून मागे पंखा, शिवाय शिडं! डोलकाठ्या सहा, त्यांना नावं सोमवार ते शनिवार. समुद्रावर रविवारची सुट्टी नसते, हा खलाशांचा विनोद.

फजितीही जहाजाच्या मापाचीच. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी तिकीट काढून आलेल्या गर्दीसमोर ते आडवं पाण्यात ढकलायला घेतलं. थोडं सरकलं आणि अडलं. पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक लावून रेटत रेटत ते नदीत उतरलं, तोवर ३१ जानेवारी उजाडली. पुढे १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीला पैसे भरलेले प्रवासी होते ३५ आणि कर्मचारी चारशेच्या वर. असं चित्र कुणी कल्पनेने काढलं असतं, तर संपादकाने ‘जरा जास्तच झालं’ म्हणून परत केलं असतं.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन पाहुणे आणायला फ्रेंचांनी हेच जहाज भाड्याने घेतलं. ज्यूल व्हेर्न त्यातून न्यूयॉर्कला गेला आणि त्यावर त्याने कादंबरी लिहिली. परतीच्या पाहुण्यांनी मात्र जहाजाचा कोपराही भरला नाही.

खरी कोपरखळी मारली ती एका फ्रेंच कालव्याने. वाटेत कोळसा न घेता आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे जाता यावं, म्हणून तर जहाज एवढं मोठं केलेलं. १७ नोव्हेंबर १८६९ ला लेसेप्स या फ्रेंच माणसाने खोदवून घेतलेला सुएझ कालवा खुला झाला. खोली जेमतेम आठ मीटर. भरलेलं ‘ग्रेट ईस्टर्न’ त्यात मावणंच शक्य नव्हतं. त्याच सुमारास ते केप ऑफ गुड होपचा वळसा घालत मुंबईला निघालं होतं. ऊन सोसावं म्हणून पांढरा रंग फासलेला आणि पोटात प्रवाशांऐवजी तारायंत्राची केबल. फेब्रुवारी १८७० मध्ये ती केबल मुंबईपासून एडनकडे समुद्रतळाशी सोडत ते निघून गेलं.